श्वासाच्या मशीनची खंडेनवमी

ईश्वरप्पांनी मशीनच्या कपाळावर भस्माची तीन बोटं ओढली आणि मागे सरून पाहिलं. मशीनला कपाळ कुठलं? होती ती वरची सपाट बाजू, पण पट्टे शोभून दिसत होते. खंडेनवमीला एकही यंत्र पूजेवाचून ठेवायचं नाही, ही त्यांच्या टॉवेलच्या कारखान्याची शिस्त. सकाळीच एमआयडीसीत जाऊन मागांची पूजा उरकली होती, मग स्कूटर, मग मिक्सर. आता पाळी होती झोपायच्या खोलीतल्या या पाहुण्याची.

झोपेत ईश्वरप्पांचा श्वास मध्येच अडायचा, म्हणून डॉक्टरांनी हे मशीन लावून दिलं होतं. नाकावर मास्क चढवला की नळीतून हवा येई आणि श्वास सुरळीत चाले. घोरणं तर पार बंद. आणि खरी कमाई अशी, की त्या घोरण्यापायी कित्येक वर्षं पुढच्या खोलीत झोपणाऱ्या सावित्रम्मा आपली उशी घेऊन परत आल्या होत्या. ईश्वरप्पांना मशीनपेक्षा ती उशी मोलाची होती, पण असलं काही बोलून दाखवणारा माणूस तो नव्हे.

"अहो, पाठीमागं उदबत्ती कशाला लावताय?" सावित्रम्मांनी दारातून विचारलं.

"पुढं लावली तर राख गादीवर पडती की."

"पाठीमागनंच हवा ओढतंय ते. मशीनवाल्या कुमारनं सांगितलंय न्हवं?"

"मशीनमधलं मला सांगू नको. माझा जन्म मशीनमधी गेलाय."

कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे पूजा झाली की यंत्र क्षणभर चालवायचं. ईश्वरप्पांनी बटण दाबलं. मशीनने लांब श्वास घेतला आणि मागे सांडलेलं भस्म, चिमूटभर कुंकू, उदबत्तीचा धूर आणि झेंडूची एक पाकळी, सगळं पाठीच्या जाळीत ओढून नेलं.

"बघ, प्रसाद घेतला," ते म्हणाले आणि हात जोडले.

दुपारी पुरणपोळ्या हाणून ते मास्क लावून आडवे झाले. पहिल्याच श्वासाला मठात बसल्यासारखा वास आला. दुसऱ्याला नाक हुळहुळलं. तिसऱ्याला ते असे शिंकले की मास्क सरकून कपाळावर गेला. मशीनच्या पडद्यावर अक्षरं लुकलुकत होती: फिल्टर बदला.

फिल्टर म्हणजे पाठच्या जाळीतली काडेपेटीएवढी पांढरी चकती. 'काका, ही धुवायची नाही, मळली की टाकायची आणि नवी घालायची,' असं मशीन बसवणाऱ्या कुमारने बजावलं होतं, वर नव्यांचं पाकीटही दिलं होतं. ईश्वरप्पांनी ते त्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर परत केलं. धडधाकट वस्तू टाकून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तेव्हापासून ते तीच चकती झटकून परत बसवत आले होते.

आज झटकून भागेना, म्हणून त्यांनी ती साबणाने धुतली. भिजलेल्या पापडासारखे तिचे तुकडे हातात आले.

"कुमारला फोन लावा," सावित्रम्मा म्हणाल्या.

"सणाचं दुकान बंद असंल."

"फोन तर चालू असंल की."

फोन चालू असेल हीच तर अडचण होती. पाकीट परत करताना ईश्वरप्पा चारचौघांत म्हणाले होते, 'मशीनमधलं मला शिकवू नको.' आता कुठल्या तोंडाने फोन करणार? त्यांनी कपाटातून नवाकोरा टॉवेल काढला आणि कात्री चालवली.

"यप्पा! टॉवेल घालणार?"

"आपला टॉवेल परदेशात जातोय. मशीनमधी जायला काय झालं?"

टॉवेल जाडजूड, निर्यातीचा. मशीन चढावर लादलेल्या गाडीसारखं कण्हू लागलं आणि नाकात हवाच येईना. ईश्वरप्पांनी तुकडा काढून त्यावरचे धाग्यांचे उभे फासे कातरले, तो पुन्हा बसवला. आता हवा आली, पण तिच्याबरोबर कापसाची धूळही आली. शिंकून शिंकून डोळ्यांतून पाणी निघालं. शेवटी त्यांनी मशीन बंद केलं.

"जाऊ दे. आज बिनमशीनचं झोपतो."

सावित्रम्मांनी उशी उचलली. ईश्वरप्पांनी उशीचं दुसरं टोक धरलं.

"कुटं निघालीस? एक दुपारचं घोरणं सोसंना तुला?"

"घोरण्याला कोण भितंय हो?" सावित्रम्मा वळल्या. त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "घोरताना माणूस हाय म्हणून तरी कळतंय. घोरणं थांबतंय न्हवं, तवा भिते मी. पुढच्या खोलीत मी काय झोपत होते? दाराला कान लावून बसायची. परत आवाज सुरू झाला की मग 'शिवा शिवा' म्हणायची. ते परत न्हाय व्हायचं माझ्यानं."

इतकी वर्षं ईश्वरप्पांचा समज होता, की बायको कानाला त्रास होतो म्हणून उठून जाते. त्यांना फार वाईट वाटलं.

"मी झोपतच न्हाय," ते म्हणाले. "तू पड. पहाटेपासनं पोळ्या लाटतीयास."

सावित्रम्मा पडल्या आणि लागलीच त्यांचा डोळा लागला. थोड्या वेळाने बारीक घुर्र घुर्र ऐकू आलं. ईश्वरप्पा गालात हसले. आता ही उठली की चिडवायला आयतं कारण मिळालं, असं त्यांच्या मनात आलं.

आणि घुरघुर थांबली.

ईश्वरप्पांनी वाट पाहिली. वर पंखा फिरत होता. घुरघुर काही सुरू होईना. त्यांनी सावित्रम्मांचा खांदा गदागदा हलवला.

"सावित्री! ए सावित्री!"

"काय झालं? आग लागली काय?"

"घोर की!"

"अं?"

"घोरणं थांबलं तुझं. घोर की जरा!"

सावित्रम्मांनी डोळे चोळले. "आता कळलं?"

"कळलं," ईश्वरप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

"कुमारसाहेब, फिल्टरचं पाकीट घेऊन या. आता धुणार न्हाय, झटकणार न्हाय, टॉवेल लावणार न्हाय."

"टॉवेल? काका, टॉवेल लावला होता?"

"ते सोडा हो. ती झोपेची तपासणी असती न्हवं, ती आणखी एकाची करायची हाय."

"कुणाची?"

सावित्रम्मा ताडकन उठून बसल्या. "मी नळीबिळी लावणार न्हाय, आत्ताच सांगून ठेवते!"

"लावंल, लावंल," ईश्वरप्पा फोनमध्ये ठामपणे म्हणाले. "तिनं न्हाय लावली तर मला झोप कशी लागंल?"