हनुवटी उजेडात

नामाकाका म्हात्रे कोणालाही 'कसा आहेस' असं विचारत नसत. ते सरळ समोरच्याची हनुवटी चिमटीत धरत, तोंड उजेडाकडे वळवत आणि एक डोळा बारीक करून निकाल देत. "नाक आयचं. कान आज्याचं. कपालावर बापाचा हिस्सा. वाटनी बग वाटनी!"

त्यातून कोणी सुटत नसे. बारशाला गेले की पाळण्यातलं मूल आधी खिडकीशी नेत. लग्नात नवरदेवाच्या मुंडावळ्या बाजूला सारून त्याची हनुवटी धरत. एकदा वीजमंडळाचा माणूस मीटर बघायला आला, तर त्यालाही धरलं. "तुजी आय सातारची काय?" त्या बिचाऱ्याची आई खरंच सातारची होती. त्यामुळे काकांचा आत्मविश्वास आणखी वाढला.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आम्ही शिरवण्यात काकांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मराठवाड्यातलं आमचं गाव सोडून वडील तळोज्याच्या एका कारखान्यात लागले होते. मी वाशीच्या कॉलेजात जीवशास्त्र घेतलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. काकांनी माझं नाव विचारलं होतं, पण ते कधी घेतलं नाही. ते मला 'कॉलेज' म्हणत.

"ए कॉलेज, हिकडं ये."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझीही हनुवटी धरली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि सोडून दिली. "तुजं काय कलत नाय. तुज्या बापसाला मी उजेडात बगलाच नाय."

ते खरंच होतं. वडील अंधारात कंपनीच्या गाडीने जात आणि अंधारातच परत येत, बहुतेक रविवारीही. पण मला ते लागलं. सगळ्या गावाला हिस्सा मिळाला होता आणि माझ्या तोंडावर कोणाचंच काही नव्हतं. आईवडील दोघंही अंगठा लावणारे. मग माझ्यातली ही पुस्तकाची ओढ कोणाकडून आली? की ती उसनी आहे आणि एक दिवस उतरून जाईल? असले विचार मी तेव्हा फार करायचो. थोडेफार अजूनही करतो.

म्हणूनच मला प्रकाशचा हेवा वाटायचा. प्रकाश हा काकांचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा. काका त्याच्या तोंडाकडे जितका वेळ बघत, तितका वेळ माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. तो जेवायला बसला की काका समोर बसत. तो दाढी करत असला की आरशात मागून डोकावत. प्रकाश वैतागायचा. "बाबा, जरा बाजूला व्हा ना, कापंल!" मला वाटायचं, कापलं तरी चालेल, पण कोणीतरी असं बघायला हवं.

त्यात एकच अडचण होती. प्रकाश काकांसारखा अजिबात दिसत नव्हता. तो सगळाच्या सगळा त्याच्या मामावर गेला होता.

हा मामा म्हणजे खाडीकाठच्या दिवाळे गावचा गोमा. चांगला उंच, दात पांढरे, हसला की गालाला खळी. प्रकाशही तसाच. गोमामामा बोंबील घेऊन आला की शेजारच्या बायका हमखास म्हणायच्या, "दोगं एका साच्यातलं बाय!" काका तेवढ्यात उठून उगीचच कोंबड्या हाकलायला जात. घरात तेव्हा कोंबड्या नव्हत्या.

मामाला मागे टाकायचे काकांचे प्रयत्न बघण्यासारखे होते. त्यांनी प्रकाशला आपल्यासारखी मिशी ठेवायला लावली. ती वाढली आणि गोमामामाच्या मिशीसारखी दिसू लागली. एका रविवारी त्यांनी प्रकाशला आणि मामाला ओट्यावर बसवून तिघांचे पाय शेजारी शेजारी ठेवले.

"आंगठा बग कॉलेज. आंगठा माज्यावर हाय का नाय?"

मी वाकून नीट पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरंही चटकन बोलता येत नाही. "म्हणजे... थोडासा..." असं मी म्हणेपर्यंत गोमामामाने आपला अंगठा हलवला आणि तो हुबेहूब प्रकाशचाच निघाला.

"भावजी, सोडा ना आता," मामा हसत म्हणाला. "पोऱ्या तुमचाच हाय."

"माजाच हाय!" काका ओरडले. "पन दिसंल तवा!"

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण शहर येणार म्हणून काकांची शेती सरकारात गेली होती, मिठागरातला वाटाही गेला होता. एकदा नेरूळच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या इमारतींकडे बोट दाखवून ते म्हणाले, "थय माजी भाताची खाचरं व्हती. आज्यानं बापसाला दिली, बापसानं मना. मी पोऱ्याला काय देनार? निदान नाक तरी?"

काकांना बेबी नावाची एक मुलगीही होती, प्रकाशहून मोठी. तिची हनुवटी मात्र त्यांनी कधी उजेडात धरलेली मी पाहिली नाही. "पोरगी परक्या घरची, तिची कसली वाटनी?" बेबीला एक खोड होती. ती रंगांची नावं मोठ्याने घेत चालायची. बाजारात काकांच्या बरोबर असली की तिची बडबड सुरू. "बाबा, ही मिरची लाल हाय, ही घ्या. ती हिरवी, ती ऱ्हावं दे." "बाबा, तुमचा तपकिरी सदरा दोरीवर हाय, हिरव्याच्या बाजूला." काका म्हणायचे, "गप गो, मना डोलं नाय काय?" ती हसायची आणि पुढचा रंग सांगायची. मला ते पोरकट वाटायचं. तिचं लग्न होऊन ती घणसोलीला गेली आणि घर एकदम शांत झालं.

त्याच वर्षी दरवाजाची गंमत झाली. गणपतीआधी काकांनी पुढचा दरवाजा स्वतः रंगवायला घेतला. एक फळी विटकरी झाली. रंग संपला, म्हणून दुकानातून दुसरा डबा आणला आणि दुसरी फळी रंगवली. ती हिरवीगार. काका ब्रश पुसत मागे सरकले आणि कौतुकाने म्हणाले, "कसा एकसारका झाला!"

काकूंनी कपाळाला हात लावला. "अवो, हे काय? आर्दा दरवाजा झाड झाला ना!"

काका क्षणभर गोंधळले. मग छाती काढून म्हणाले, "फ्याशन हाय. मुंबयला आसंच करतान." तो दरवाजा तसाच राहिला. लोक पत्ता सांगताना 'फॅशनच्या दरवाजाशेजारी' असं सांगू लागले.

पुढे माझी परीक्षा आली. पुस्तक इंग्रजीत होतं. मोठ्याने मराठीत म्हटल्याशिवाय मला काही कळत नसे. मी ओट्यावर बसून पाठ करत होतो, "आईकडून एक्स, बापाकडून वाय, म्हणजे मुलगा. आईकडून एक्स, बापाकडूनही एक्स, म्हणजे मुलगी."

काका विडी विझवून जवळ सरकले. "पुना बोल. बापसाकडून पोऱ्याला काय?"

"वाय."

"त्यात काय काय येतं?"

मी चाचरलो. "मुलगा होणं येतं. बाकी... फार काही नाही. तो लहान असतो."

"म्हंजी नुसती पाटी? जमीन नाय?"

"तसं नाही काका. नाक, कपाळ हे सगळं गुणसूत्रांच्या दुसऱ्या बावीस जोड्यांवर असतं. त्यात आईचं निम्मं, बापाचं निम्मं."

"मंग माजं निम्मं कुटं जेलं?"

"काही गुण दबून राहतात. दिसत नाहीत, पण आत असतात."

"दबनारच," काका म्हणाले. "सासरवाडीखाली मी सगलाच दबलंय."

मग मी एक चूक केली. मला वाटलं, पूर्ण सांगावं. मी म्हणालो की मुलाचा एक्स आईचा असतो, म्हणून त्यातल्या काही गोष्टी मामाशी जुळू शकतात. काकांनी पुस्तकाकडे असं पाहिलं, जसं काही ते दिवाळ्याहून बोंबलांच्या टोपलीतून आलं होतं. "पुस्तकबी गोम्याच्या बाजूनं!"

त्यांचं मन दुसरीकडे वळवायला मी घाईघाईने पानं उलटली. मध्ये एक रंगीत पान होतं, नुसत्या ठिपक्यांचं. लाल ठिपक्यांत हिरव्या ठिपक्यांनी एक आकडा काढलेला.

"ह्या पानावर काय दिसतं काका?"

"ठिपकं."

"ठिपक्यांत आकडा?"

काकांनी आत काकू आहेत का ते वळून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आसलंच पुस्तक कंपनीच्या डागदराकडं व्हतं."

तेव्हा कळलं. जमीन गेलेल्यांना कारखान्यात नोकरी मिळाली तेव्हा काकांना आत यंत्रावर घ्यायचं ठरलं होतं. तिथे नळांना रंग दिलेले असतात. काकांना लाल आणि हिरवा वेगळा कळेना. म्हणून त्यांना फाटकावर वॉचमन केलं. घरी त्यांनी सांगितलं, यंत्राचा आवाज सोसत नाही. इतकी वर्षं ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती.

त्यांनी माझं मनगट धरलं. "कॉलेज, खरं सांग. परकाशला कंपनीत नोकरीसाटी डागदर तपासनार हाय पुडल्या महिन्यान. ह्ये त्याला लागंल काय?"

हे उत्तर मला येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा कोणाला तरी उपयोग होणार होता. "तुमच्याकडून नाही लागणार काका," मी म्हणालो. "हा दोष एक्सवर असतो. तुमचा एक्स प्रकाशकडे गेलेलाच नाही."

काकांनी मोठा श्वास सोडला. देवाच्या दिशेने हात जोडले. मग ते हात तसेच राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"म्हंजी ह्येबी नाय जेलं त्याला माजं?"

मी पुस्तक मिटलं.

"मंग कोनाला जेलं?"

"मुलीला. बापाचा एकच एक्स असतो, तो मुलीकडे जातोच. बेबीताईला नीट दिसतं, कारण आईचा चांगला एक्स सांभाळून घेतो. पण तुमचा तिच्यात आहे. तिला मुलगा झाला तर त्याच्यात दिसेल, नाही तर नाहीही."

"बेबीला?" काका म्हणाले. "बेबीला जेला?" आणि उठून आपल्या अर्ध्या हिरव्या दरवाजातून आत गेले.

प्रकाश तपासणीत पास झाला. त्याच सुमारास बेबीताईला सातवा महिना लागला. ओटी भरायला माहेरची हिरवी साडी लागते. दरवेळी अशी खरेदी काकू करत. या वेळी काका म्हणाले, "साडी मी आननार." काकू म्हणाल्या, "तुमी? दरवाजा बगला मी." पण ते ऐकेनात.

रविवारी काकू आणि गोमामामाची बायको पुढे गेल्या. फळांची टोपली उचलायला काकांनी मला बरोबर घेतलं. घणसोलीच्या बसमध्ये साडीचं पुडकं त्यांच्या मांडीवर होतं. "दुकानदारानं पयली हिरवी काडली, पन काठ बारीक. मी बोल्लू, ती दुसरी दे, रुंद काठाची. माज्या पोरीला काठ रुंद पायजे."

पुडक्याचा कागद एका कोपऱ्याला फाटला होता. आत चॉकलेटी रंग दिसत होता.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर मी तीनदा तोंड उघडलं. सांगितलं असतं तर अर्ध्या वाटेवरून परत जाऊन बदलता आली असती. पण काका पुडक्यावर असा हात फिरवत होते की तिन्ही वेळा मी तोंड मिटून घेतलं.

घणसोली गावठाणातल्या त्या घरात बायका दाटीने बसल्या होत्या. आम्ही दोघं ओट्यावर, दाराशी. काकूंनी पुडकं उघडून साडी वर धरली. मामी म्हणाली, "अगो बाय! ही तं..."

"हिरवी हाय मामी," बेबीताई पटकन म्हणाली. "घरात उजेड कमी हाय म्हनून तशी दिसते."

"अगो पन..."

"हिरवीच हाय." तिने ती साडी ओढून छातीशी घेतली आणि एकेका बाईकडे अशी बघत गेली की कोणी पुढे बोललं नाही. मग दाराकडे वळून मोठ्याने म्हणाली, "बाबा, पोपटी हिरवी हाय, आनि काठ लाल. लय झ्याक आनलीत!" तोच आवाज, मिरच्या दाखवतानाचा.

मी टोपली खाली ठेवली. बेबी घरात होती तोवर काकांचा एकही रंग चुकला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दरवाजा चुकला तो ती गेल्यावर.

ओटी भरून झाल्यावर ती चॉकलेटी साडी नेसून बाहेर आली आणि जपून वाकली. काकांनी तिला अर्ध्यावर थांबवलं. तिची हनुवटी चिमटीत धरली आणि तोंड उन्हाकडे वळवलं.

"काय बगताव बाबा?"

"वाटनी."

ते फार वेळ बघत राहिले. "नाक तुज्या आयचं," ते म्हणाले. "कपाल आयचं. खली... ती गोम्याची." एवढं बोलून थांबले. पण हनुवटी सोडली नाही. बेबीताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण पुसायला मान हलवावी लागली असती.

इतके दिवस मला प्रकाशचा हेवा वाटायचा. त्या दुपारी तो पार गेला आणि बेबीताईचा वाटू लागला.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते. तुर्भे आल्यावर मला कोपराने ढोसून म्हणाले, "कॉलेज, पुडल्या आयतवारी तुज्या बापसाला सुट्टी हाय काय?"

"आहे."

"त्याला जरा ओट्यावर बसव. उजेडात. तुजंबी बगून टाकू."