फोन करू नये, कारण नंतर कळवेन

मुद्दारावांनी घरून काम करायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या घरात इंटरनेट नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. पण निर्णय आधी घ्यायचा आणि अडचणींनी मागाहून त्याच्याशी जुळवून घ्यायचं, अशी त्यांना कचेरीतली सवय होती.

कचेरी पाणीपुरवठ्याची. तिथे ते तक्रार विभागाचे हेडक्लार्क होते. कुठलंही बोलणं 'माझा मुद्दा एवढाच' इथून सुरू करत, आणि मग तो मुद्दा एवढाच राहत नसे, म्हणून सगळी कचेरी त्यांना मुद्दाराव म्हणे. (त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर होतं.)

घरात इंटरनेट का नव्हतं, त्यालाही एक मुद्दाच कारणीभूत होता. मागे कंपनीचा माणूस जोडणी द्यायला आला होता. वायर आत घेण्यासाठी त्याने भिंतीला भोक पाडलं, आणि ते मुद्दारावांनी पेन्सिलीने केलेल्या खुणेच्या चार बोटं खाली पडलं. मुद्दाराव म्हणाले, भोक वर घ्या. तो म्हणाला, भोक वर घेता येत नाही, दुसरं पाडावं लागेल. तत्त्वाचा प्रश्न झाला. माणूस गेला, वायर गेली, भोक तेवढं राहिलं. बायकोने त्यात कापडाचा बोळा कोंबला आणि ती पुन्हा मशीनवर बसली.

बायको घरी कपड्यांच्या दुरुस्त्या करी. उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं. अकराच्या सुमाराला बायका मापं द्यायला येत, आणि मापं देऊन झाली तरी बराच वेळ जात नसत. घरात टेबल एकच होतं आणि त्यावर तिचं मशीन होतं. त्यामुळे नवरा घरून काम करणार हे ऐकताच तिने तोंडातली टाचणी आधी काढून ठेवली.

"तुम्ही घरी असलात तर माझ्याकडे मापं द्यायला कोण येईल?" तिने विचारलं.

"मी माझ्या कामात असेन. मला काही दिसणार नाही."

"मागच्या सुट्टीत तुम्हाला डब्यांची झाकणं दिसली. ती सगळी बदललीत. अजून एक धड बसत नाही."

"माझा मुद्दा एवढाच, की हल्ली सगळं जग घरून काम करतंय."

"जगाच्या घरात इंटरनेट असतं," बायको म्हणाली.

त्यावरही उपाय निघाला. टपाल विभागातल्या कारकुनाने सांगितलं की मोबाईलची वायर लॅपटॉपला जोडायची, सेटिंगमध्ये एक बटण सरकवायचं, की मोबाईलचा मोडेम होतो. मुद्दारावांनी तिथल्या तिथे करून पाहिलं आणि ते जमलं. त्या दिवशी ते पाण्याचा पाइप स्वतःच्या हातांनी शोधून काढल्यासारखे घरी आले.

"एकच आहे," कारकून म्हणाला होता. "तुमचा फोन जुना आहे. कुणाचा फोन आला की नेट जाईल."

साहेबांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. सोमवारी अकरा वाजता मुद्दारावांनी घरून, स्क्रीनवर, महिन्याभराच्या तक्रारींचा अहवाल वाचून दाखवायचा. वरच्या कार्यालयातल्या मॅडमही बघणार होत्या. जमलं तर आठवड्यातले तीन दिवस घरून. तीन दिवस बसची रांग नाही, साहेबांची घंटा नाही, या कल्पनेने मुद्दाराव रविवारी दिवसभर शीळ घालत होते. बायको दिवसभर मशीन जरा जोरात चालवत होती.

आता प्रश्न फक्त येणाऱ्या फोनचा होता. मुद्दारावांनी रविवारी संध्याकाळी तमाम नातेवाइकांना एक संदेश पाठवला. 'उद्या सकाळी अकरा ते बारा कृपया मला फोन करू नये. कारण नंतर कळवेन.' कचेरीच्या पत्रव्यवहारात उभी हयात गेली असल्यामुळे त्यांना तो उत्तम वाटला.

सोमवारी सकाळी आणखी एक गोष्ट कळली. घरात रेंज एकाच ठिकाणी नीट येत होती, आणि ती जागा म्हणजे फ्रिजचा माथा. मुद्दारावांनी फ्रिजवरचं विणलेलं कव्हर काढलं, तिथे लॅपटॉप ठेवला, शेजारी मोबाईल ठेवला, दोन्ही वायरने जोडले आणि स्वतः स्टुलावर चढले. बायकोने हे सगळं शांतपणे पाहिलं.

"मी शेजारच्या वहिनींकडे बसते," ती म्हणाली. "उगाच माझा आवाज नको मध्ये." आणि शिवणाची पिशवी घेऊन गेली. एवढा समजूतदारपणा पाहून मुद्दारावांना भरून आलं. (तेव्हाच शंका यायला हवी होती.)

अकराला स्क्रीनवर साहेब आले, मॅडम आल्या. मुद्दारावांनी घसा साफ केला आणि "माझा मुद्दा एवढाच," एवढं म्हणेपर्यंत फोन वाजला. साहेब, मॅडम आणि इंटरनेट तिघेही गेले.

थोरली बहीण होती. "खरं सांग, ऑपरेशन आहे का?"

"ताई, मी लिहिलं होतं ना, फोन करू नये म्हणून?"

"म्हणून तर केला. उगाच कोण असं लिहितं?"

तिचं संपलं तोच मेव्हण्याचा आला. "भाऊजी, पोलिसांचं काही असेल तर मोकळेपणाने सांगा. माझी ओळख आहे." मग काका. काकांनी काही विचारलंच नाही, फक्त जड आवाजात "धीर धर" म्हणाले आणि फोन ठेवला. एरवी या फोनला आठवडा आठवडा कुणी विचारत नसे.

मग फोन आला तो साहेबांचा.

"मुद्दाराव, तुम्ही दिसेनासे झालात."

"साहेब, फोन आला की नेट जातं."

"मग घेऊ नका ना फोन."

"हा तुमचाच घेतलाय, साहेब."

"मी केला, कारण तुम्ही दिसत नव्हतात."

"तुम्ही ठेवलात की दिसेन."

"बरं, ठेवतो. पण दिसायला लागलात की फोन करून सांगा."

"फोन केला की पुन्हा जाईन, साहेब."

पलीकडे साहेब विचार करत असल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी फोन ठेवला. इंटरनेट आलं. मुद्दारावांनी अहवाल उचलला, "गळतीच्या तक्रारी," म्हणून मोठा आ केला आणि पुन्हा फोन वाजला.

"दिसताय," साहेब म्हणाले, "पण तोंड उघडं ठेवून थांबलायत. मॅडम विचारतायत, दाढ दुखते का."

"तुमचा फोन आला म्हणून थांबलो, साहेब."

"आणि मी केला तो तुम्ही दिसताय हे सांगायला. हे असं कसं चालेल?" साहेब शिकलेले होते, त्यांना चटकन उपाय सुचला. "थांबा. माझ्या फोनमुळे तुमचं नेट जातंय. आता मी करत नाही, टपालातल्या कारकुनाला करायला सांगतो."

कारकुनाने केला. इंटरनेट गेलं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात ताई, काका आणि मेव्हणा उभे होते. ताईने डोळ्याला रुमाल लावला होता. घरचा कर्ता माणूस दार उघडायला तेवढा खाली उतरला आणि लगेच पुन्हा स्टुलावर चढून फ्रिजला बिलगला. ते पाहून ताईने धावत जाऊन त्याचे पाय धरले.

"खाली ये, बाळा. जे काय असेल ते आपण निस्तरू."

"ताई, पाय सोड, मी पडेन."

मेव्हण्याने स्टूल धरलं. काकांनी मेव्हण्याला धरलं. नेमकं त्याच क्षणी इंटरनेट आलं, आणि मॅडमना स्क्रीनवर तक्रार विभागाचा हेडक्लार्क छताला डोकं लावून दिसला आणि खालून कुणाचंतरी रडणं ऐकू आलं. मॅडमनी साहेबांकडून नंबर घेतला आणि स्वतः फोन लावला. इंटरनेट अर्थातच गेलं.

"मुद्दाराव," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझा आवाज येतोय?"

"येतोय, मॅडम."

"तुमचा मलाही येतोय. मग फोनवरच वाचा की अहवाल."

असा विचार कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. मुद्दारावांनी स्टुलावरच उभं राहून, पायाला बहीण असताना, सगळा अहवाल फोनवर वाचला. एकदाही अडथळा आला नाही. मॅडमनी मध्ये दोनदा "छान" म्हटलं, तेव्हा त्यांना वाटलं, तीन दिवस पदरात पडले.

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. सदर कर्मचाऱ्याने घरून काम करणं तांत्रिक कारणास्तव शक्य नाही. तथापि त्यांचा आवाज फोनवर अत्यंत स्पष्ट येतो हे निदर्शनास आलं असून, त्यांना तक्रारीचे फोन घेण्यासाठी आठवड्याचे सगळे दिवस कचेरीतल्या टेलिफोनवर बसवण्यात येत आहे.

बुधवारी मुद्दाराव मान खाली घालून निघाले. बसच्या रांगेत चष्मा विसरल्याचं लक्षात आलं, म्हणून परत आले. दार उघडंच होतं. टेबलावर मशीनशेजारी त्यांचा लॅपटॉप होता, शेजारच्या वहिनी आणि आणखी दोघी त्यासमोर बसल्या होत्या. स्क्रीनवर कुणीतरी बाही कशी कापायची ते दाखवत होतं. चित्र पाण्यासारखं वाहत होतं, कुठे अडकत नव्हतं. मोबाईल तर मुद्दारावांच्या खिशात होता.

"हे नेट कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"वहिनींचं आहे," बायको म्हणाली. "त्यांचं यंत्र त्या भिंतीपलीकडेच आहे, आपल्या भोकाच्या मागे. मी तिथला बोळा काढून टाकला. त्याने काही होतं की नाही कोण जाणे, पण येतं बाई छान. पासवर्ड त्यांनी गेल्या वर्षीच दिलाय."

"मग सोमवारी मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कामात होतात. मला वाटलं, तुम्हाला काही दिसणार नाही."

वहिनींनी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं. मुद्दारावांनी मुद्दा मांडायला तोंड उघडलं, आणि ते सोमवारसारखं उघडंच राहिलं. बायकोने चष्मा त्यांच्या हातात दिला आणि त्यांना दारापर्यंत सोडलं.

"आणि हे बघा," ती म्हणाली, "आता तुम्ही दिवसभर टेलिफोनजवळच असणार. पण अकरा ते बारा मला फोन करू नये. कारण नंतर कळवेन."