गुलाबी शेपटीचं कबुतर

प्रासोजोला गल्लीप्रमुखांची फक्त एक सही आणि एक शिक्का हवा होता. "सदर इसम याच गल्लीत राहतो" एवढं पत्र दुपारी तीनच्या आत अर्जाला जोडलं, की त्याचा खेळ सरकारी अनुदानाच्या स्पर्धेत दाखल होणार होता. तीन वर्षं खपून त्याने तो एकट्याने बनवला होता, आणि अनुदान आपल्यालाच मिळणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. योग्या शहरातल्या त्या गल्लीत शंका होती ती इतरांना.

"राहतोस ते दिसतंय," गल्लीप्रमुख पाक सुकिरान, म्हणजे सुकिरानकाका, चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले. "पण करतोस काय? दिवसभर दार लावून बसलेला असतोस."

"कॅमेऱ्याचा व्हिडिओ गेम बनवलाय, पाक. बंदूक नाही, राक्षस नाही. हातात जुना कॅमेरा, त्यात चोवीस फोटो. गल्लीतून हिंडायचं आणि यादीतल्या गोष्टी टिपायच्या. चोवीसच असल्यामुळे माणूस बटण दाबण्याआधी नीट बघतो. बघायला शिकवणारा असा दुसरा खेळ दाखवा मला!"

घड्याळात एक वाजला होता. शहाण्या माणसाने इथे तोंड मिटून सही मागितली असती. प्रासोजोने लॅपटॉप उघडला.

पाक सुकिरानांच्या पत्नी बू लास्मी, म्हणजे लास्मीकाकू, तळलेली केळी घेऊन आल्या आणि पडद्यापाशी थबकल्या. "अगंबाई, ही तर आपली गल्ली!"

गल्ली त्यांचीच होती. प्रासोजोने एका रविवारी सकाळी तिचे हजारभर फोटो काढले होते आणि ते जोडून खेळातली गल्ली उभी केली होती. भिंती, कुंड्या, छपरं, माणसं, सगळं त्या क्षणी होतं तसं थिजलेलं. तो रविवार नेमका सफाईचा होता. महिन्यातून एकदा घरटी एका माणसाने झाडू घेऊन बाहेर पडायचं असा गल्लीचा दंडक, आणि जो येणार नाही त्याने महिनाभर टोमणे ऐकायचे.

बू लास्मींनी ताटली खाली ठेवली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. यादीत पहिलं होतं भिंतीवरचं मांजर. त्यांनी मांजराकडे साफ दुर्लक्ष करून शेजारच्या बू तुमिनींच्या ओट्याचा फोटो काढला.

'यादीत नाही. शून्य गुण,' असं पडद्यावर आलं.

"शून्य कशाचे? हिचा नवरा भर सफाईत चहा ढोसत बसलाय! तुमिनी, ये गं इकडे!"

बू तुमिनी कुंपणापलीकडून धावत आल्या. नवऱ्याची आजची संध्याकाळ कशी जाणार ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंच.

"तुझ्या खेळात हीच खोट आहे बघ," बू लास्मी प्रासोजोला म्हणाल्या. "बघायला शिकवतोस म्हणे, पण काय बघायचं ते तूच ठरवतोस. मांजर आम्ही रोजच बघतो."

प्रासोजोला हे लागलं, कारण ते खरं होतं. तरी तो ठामपणे म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत सुधारतो, बू. पाक, तेवढी सही..."

"थांब रे. अहो, हा आपल्या छपरावर कोण उभा आहे?"

पाक सुकिरानांच्या हातातलं केळं वाटेतच थांबलं. त्या रविवारी पाठीत उसण भरली म्हणून ते अंथरुणाला खिळले होते, आणि तसं त्यांनी मशिदीच्या भोंग्यावरून स्वतः जाहीर केलं होतं. खाली गटारं उपसणाऱ्यांना वर बघायला सवड नव्हती. बघायला शिकवणाऱ्या प्रासोजोनेही फोटोत वर काय आलंय ते निरखलं नव्हतं.

बू लास्मींनी फोटो काढला. 'विषय अस्पष्ट. शून्य गुण.'

"बघ! यंत्रच सांगतंय, काही नाही म्हणून," पाक सुकिरान घाईघाईने म्हणाले. "फारच हुशार खेळ आहे. आण ते पत्र."

प्रासोजोने पत्र पुढे केलं, तेवढ्यात बू लास्मींना दूरचं जवळ आणण्याची कळ सापडली. 'अप्रतिम! पक्षी. शंभर गुण!' लॅपटॉपमधून तुतारी वाजली. छपरावर पट्ट्यापट्ट्यांचा, लुंगीसारखा सारोंग नेसलेला माणूस होता. शर्यतीच्या नराला खाली बोलवायला मादी हातात धरून फडफडवतात, तशी कबुतराची मादी त्याने उंच धरली होती.

"असे सारोंग बाजारात पुष्कळ मिळतात," पाक सुकिरान म्हणाले. "हा मी नव्हेच. प्रासोजो, छप्पर पुसून टाक. त्याशिवाय शिक्का नाही."

"अख्खी गल्ली पुन्हा जोडावी लागेल, पाक! पाच तास लागतील!" प्रासोजोचा आवाज आज पहिल्यांदाच चिरकला. दोन वाजत आले होते, आणि तीन वर्षांची मेहनत एका मादीपायी बुडायला निघाली होती.

बू लास्मींचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. त्या पुढच्या छपरावर पोचल्या होत्या. तिथे पाण्याच्या टाकीमागे शेजारचे पाक मांगुन दडून बसले होते, आणि त्यांच्या मुठीत एक कबुतर होतं.

"हे गुलाबी शेपटीचं कुणाचं हो?"

"माझं!" पाक सुकिरान ताडकन उठले. "मी स्वतः रंगवलीय ती शेपटी! त्या रविवारपासून हरवलंय ते! म्हणजे मांगुनने धरून ठेवलंय होय? मी इथे हात दुखेपर्यंत मादी फडफडवतोय, आणि हा चोर म्हणतो, दिसलंच नाही!"

बू लास्मींनी लॅपटॉपवरचा हात काढला.

"हात दुखेपर्यंत," बू लास्मी सावकाश म्हणाल्या. "आणि पाठ?"

पाक सुकिरानांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. पण कबुतर आधी, अब्रू मग. "प्रासोजो, घे तो लॅपटॉप, चल मांगुनकडे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो कबूल व्हायचा नाही."

प्रासोजोने लॅपटॉप मिटला आणि त्यावर तळहात ठेवला. "आधी सही, पाक."

सही झाली. शिक्का बू लास्मींनी मारला, तोही असा की टेबलावरची केळी उडाली. पत्र मात्र त्यांनी हातातच ठेवलं.

"सगळी गल्ली बघून झाली माझी. कुणी झाडतोय, कुणी चहा पितोय, आमचे हे कबुतर उडवतायत. तू काही कुठे दिसला नाहीस रे."

"मी कॅमेऱ्यामागे होतो, बू."

"कॅमेऱ्यामागे गटार नव्हतं वाटतं?"

"पुढच्या सफाईला येतो, बू," प्रासोजो म्हणाला. तेव्हा कुठे पत्र त्याच्या हातात पडलं. अर्ज तीनला दहा मिनिटं कमी असताना दाखल झाला, आणि मग लॅपटॉप पाक मांगुनकडे गेला.

पुढच्या सफाईला पाक सुकिरान आणि प्रासोजो शेजारी शेजारी गुडघाभर गटारात उभे होते. बू लास्मी काठावरून मोबाइल रोखत म्हणाल्या, "जरा डावीकडे सरका दोघंही. फावडी दिसू देत. आणि हसताय काय? काम करताय."