कोबीचं पाणी आणि उष्टी हळद

आंबिवलीला मुलगी बघायला गेलेला आनंद खुर्चीत बसला, खुर्ची करकरली आणि शालू खुदकन हसली. झालं! लग्न ठरलं, साखरपुडा झाला, पण आपल्या पोटाला हसलेली ती शालू काही त्याच्या डोक्यातून जाईना. वागळे इस्टेटच्या कारखान्यातला त्याचा दोस्त पंढरी म्हणाला, "टेन्शन नको घेऊस. नुसतं कोबीचं पाणी पी. लग्नापर्यंत एकदम हीरो!"

आनंदने त्याच जोशात लग्नाचा सफारी मुद्दाम तंग शिवायला टाकला.

इकडे आनंदच्या गावी, ठाकुर्लीत, रोज कोणाकडे तरी केळवण. कुठे कोंबडी, कुठे तांदळाची भाकरी आणि कोलंबी. आणि हा शहाणा सगळ्यांदेखत बाटलीतलं पिवळट पाणी पिणार! रुसलेल्या माम्या-काक्यांची समजूत घालता घालता त्याची आई सगुणाबाई रडकुंडीला आली.

"अरे, दोन घास तरी खा ना रे!"

"आई, सफारी!"

गाल बसले, डोळे खोल गेले. पोट मात्र होतं तिथेच.

हळदीला वहिन्यांनी तोंडाला हळद फासली आणि आनंद पाटावरून थेट आडवा. उष्टी हळद घेऊन आंबिवलीला गेलेल्या बायकांनी हळदीबरोबर ही बातमीही पोचवली. दिवेलागणीच्या आत शालूचे वडील देवराम भावांना घेऊन मांडवात हजर.

"पोराला कंचा रोग हाय? खरं सांगा, नायतर लगीन मोडला!"

"रोग नाय हो, कोबी!" सगुणाबाई म्हणाली.

"कोबीनं कोन पडतं? माझ्यासमोर जेवू दे त्याला."

आनंदपुढे मटण-वड्यांचं ताट आलं. सफारी की शालू? त्याने डोळे मिटून मटणाला हात घातला. इतक्या दिवसांचं उपाशी पोट ते! वड्यांची परात रिकामी होत आली, तेव्हा देवरामच घाबरून म्हणाला, "बस रे बाबा, मरशील!"

दुसऱ्या दिवशी पँटचं बटण लागेना. नाडीने आवळलेला नवरदेव पोटातल्या कळा सोसत बोहल्यावर उभा राहिला. हार घालताना त्याने हळूच विचारलं, "त्या दिवशी मी बसलो तेव्हा का हसलीस गं?"

"ती खुर्ची मोडकीच हाय. पाव्हनं लवकर उठावं म्हणून बाबा मुद्दाम देतात. आनि मग तुमी तर उठायचं नावच घेत नव्हतात!"

हार घालून पाटावर बसलेल्या आनंदला पोटातल्या कळांनी आता खरोखरच उठून पळायचं होतं. पण सप्तपदी अजून व्हायची होती.