शेवाळी बाईंचा फोन

ज्या कुणी जगातल्या यच्चयावत फोनांवर तेच ते चौकोन रांगेत बसवले, त्याला भर चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे! असं रंगोबाचं ठाम मत होतं आणि ते तो दात घासतानाही मांडत असे. (तेव्हा ते कुणाला कळत नसे, एवढाच घरच्यांना दिलासा.)

रंगोबा पोटासाठी नळखात्यात कारकून होता, पण जीव सगळा सजावटीत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याने समुद्र आणला आणि साहेबांच्या फायली माशांच्या पोटात ठेवल्या. साहेबांनी त्याला कॉम्प्युटर नसलेल्या टेबलावर बसवलं. मग त्याने घराकडे मोर्चा वळवला. बायकोच्या शिवणकामासाठी वेबसाईट केली, तीही अशी, की बघणाऱ्याने बघतच राहावं.

अशात एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना बायकोने शिवून पाठवलेला नमुन्याचा फ्रॉक आवडला. सगळ्या शाळेचे गणवेश! "शनिवारी दुपारी फोन करते. हो म्हणालात तर काम तुमचं, नाहीतर बाजारातल्या दुकानाला देते," असं त्यांनी फोनवर सांगितलं. बायकोने लगेच दुसरं मशीन बघून ठेवलं.

शनिवारी सकाळी बायको अंघोळीला गेली आणि रंगोबाच्या मनात आलं, इतक्या मोठ्या कामाचा फोन इतक्या कुरूप फोनवर यावा?

"अहो, माझा फोन कुठंय?"

"हातात तर आहे तुझ्या."

"हे कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे!"

"आपलंच. बरणीत फोटो, किटलीत निरोप, घड्याळात कॅमेरा."

"घड्याळात कॅमेरा? मग घड्याळ कुठंय?"

"चुलीत."

"आणि फोन लावायचा कुठून? या फळीवरच्या फोनवरून?"

"छे, तो शोभेचा आहे. फोन कुंडीतून लागतो."

रंगोबाची आई चष्मा चढवून बघायला आली. "अरे, पण माणसांची नावं कुठं गेली?"

"अक्षरांनी गर्दी होते, आई. प्रत्येकाला स्वभावाप्रमाणे रंग दिलाय. मुख्याध्यापिका शेवाळी."

"आणि मी?"

"राखाडी."

आईने चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी रंगोबाचा चहा त्याने स्वतःच केला.

दुपारी तिघं फोनभोवती बसले असताना चित्रातल्या खिडकीत एक चिमणी आली आणि पंख फडफडवू लागली.

"अगबाई, किती गोड!" आई म्हणाली.

तिघंही कौतुकाने बघत राहिले. मग रंगोबा ताडकन उठला. "अगं, फोन वाजतोय!" (घंटीचा आवाज त्याला भडक वाटे.)

"मग घेऊ कसा?"

"पडदा सरकव!"

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे! नाही, डावीकडे! थांब, चित्राचा तोल साधायला सकाळी मीच बदललंय..."

पडदा उजवीकडे गेला. चिमणी भुर्रकन उडाली.

"उलट फोन लावा!" बायको ओरडली. आलेल्या फोनांच्या जागीही नुसते रंगच होते.

"हा शेवाळी?"

"तो गवती."

"मग हा?"

"तो... हाच असेल. लाव!"

"हॅलो, मॅडम! मी गणवेशाला तयार आहे!"

"मी प्लंबर बोलतोय, बाई," पलीकडून आवाज आला. "पण तुम्ही म्हणत असाल तर घालीन."

"काळजी नको," रंगोबा म्हणाला. "नंबर चुकला असं वाटून त्या वेबसाईटवर बघतील आणि पुन्हा करतील. सुई दाबली की नंबर येतो."

"सुई दिसते कुठं?"

"शोधण्यातच तर मजा आहे!"

बायकोने कात्री उचलली. (कापड कापायला. तरी रंगोबा मशीनच्या पलीकडे झाला.) पण कापड न कापताच ती खाली बसली. "दुसरं मशीन राहू दे आता," एवढंच म्हणाली.

ओरडली असती तर रंगोबाने तिला सौंदर्यदृष्टीवर व्याख्यान दिलं असतं.  यावर मात्र त्याने फोन घेतला आणि एकेक चौकोन पुन्हा रांगेत बसवू लागला. नावांसकट. आईचंही.

तेवढ्यात दार वाजलं. दारात साक्षात शेवाळी बाई! हातात नमुन्याचा फ्रॉक.

"फोन कट झाला. म्हटलं, कामात असाल. कॉलरमागे तुम्ही पत्ता शिवलाय, म्हणून थेट आले. मग, करताय ना गणवेश?"

"करते!" बायको इतक्या जोरात म्हणाली, की बाई दचकल्या.

काम पक्कं झालं, चहा झाला. आता रंगोबाला राहवेना. तो घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, हिची वेबसाईटही बघितली असेल ना? कशी वाटली?"

"वेबसाईट?" बाई चप्पल घालता घालता म्हणाल्या. "ती काही येत नाही हो. मध्येच लहान मुलांचा तो खेळ उघडतो, शिवणाच्या खोलीचा. आमची पहिलीची मुलं सकाळपासून खेळतायत, पण सुई अजून कुणालाच सापडली नाही."