मासे नसलेल्या जागेचे मेश्राम काका

मार्चमध्ये सॅमन जिथे नसतो, नेमकं तिथेच जाऊन गळ टाकणारा माणूस अख्ख्या एडिनबरात एकच. आमचे मेश्राम काका. या दिवसांत मासे समुद्रातून नुकतेच ट्वीड नदीत शिरलेले असतात, खाली, मुखाकडे. काका उभे राहतात पार वर, पीबल्स गावापाशी. तिथपर्यंत पोचायला माशांना अजून दोन महिने तरी हवेत. हे मला गळाच्या दुकानदाराने सांगितलं, आणि कुत्रं फिरवणाऱ्या एका अनोळखी बाईनेही. काकांना सांगायला गेलो तर म्हणतात, "लॉजिक आहे त्यात. तुला नाही समजायचं. तू पुण्याचा."

आता यात पुण्याचा काय संबंध?

काका मूळचे नागपूरचे. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढून रिटायर झाले, पण स्वस्थ बसणं काही त्यांना जमेना. शनिवारी सकाळी साडेसातला माझ्या दारात हजर, कारण गाडी माझी. "अजून झोपूनच राहिला का रे? चल, चल!" गाडीत सीट मागे, सीट पुढे, हीटर चालू, हीटर बंद. "लिमिट साठचं आहे ना? मग पन्नासनं काहून चालवून राहिला?"

नदीवर तर विचारूच नका. फ्लाय फिशिंग म्हणजे पिसं बांधलेला हलका गळ लांब फेकायचा, प्रवाहाबरोबर वाहू द्यायचा, एक पाऊल पुढे सरकायचं, पुन्हा फेकायचा. धीराचं काम. काका छातीपर्यंत येणारे रबरी बूट चढवून कमरेइतक्या बर्फगार पाण्यात उभे, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणार. त्यात इथला नियम असा, की वसंतातला सॅमन लागलाच तर परत सोडून द्यायचा.

"म्हणजे न येणाऱ्या, न खायच्या माशासाठी मी झोप मोडतोय?" एकदा मी वैतागून विचारलं.

"हाव," काका म्हणाले.



त्यांचं ते लॉजिक मला तिसऱ्या शनिवारी कळलं. अकरा वाजत आले तशी काकांनी खिशातून मरून रंगाची माकडटोपी काढली, नाकापर्यंत ओढली आणि चक्क गप्प झाले. पलीकडच्या काठावरून एक तरुण चालला होता, सोबत पिवळ्या बुटांतली चारेक वर्षांची मुलगी. काकूंच्या फोनवरच्या फोटोतून मी दोघांना ओळखलं. काकांचा मुलगा निखिल, आणि नात.

बापलेकांत पाच वर्षं बोलणं नाही. निखिलने रजिस्टर लग्नाची तारीख परस्पर ठरवली. "मला विचारलं नाही, मी येत नाही," काका म्हणाले आणि खरंच गेले नाहीत. काकू दर आठवड्याला बसने पीबल्सला नातीकडे जातात; बापलेकीचं हे शनिवारचं फिरणं काकांना त्यांच्याकडूनच कळलेलं. काकांनी तिला एकदाही जवळ घेतलेलं नव्हतं.

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर काकांनी हळूच विचारलं, "ओळखलं तर नसंल ना रे त्यानं?"

"एवढ्या टोपीत कोण ओळखतंय!" मी म्हणालो. मला वाईटही वाटत होतं आणि रागही येत होता. "अहो, तो बघा पूल. पाच मिनिटं लागतील. जा ना सरळ!"

"कोणत्या तोंडानं जाऊ?" काका म्हणाले आणि उगाचच गळ बदलत बसले.

गेल्या शनिवारी मात्र कमाल झाली. ती दोघं अगदी समोर आली आणि काकांच्या गळाला मासा लागला! रीळ करकरा फिरायला लागलं. चांदीसारखा एवढा मोठा सॅमन पाण्यातून उसळला. पलीकडे ती पोरगी टाळ्या पिटत नाचायला लागली.

मासा दमला, तरी काका त्याला जवळ ओढेनात. दोर सैल सोडायचे, पुन्हा ताणायचे.

"काका, घ्या ना काठाला! मरेल तो!" मी ओरडलो.

"थांब रे बाप्पा," काका दबक्या आवाजात म्हणाले. "ती बघून राहिली."

आणि दोर एकदम ढिला पडला. मासा सुटला.

पलीकडून खणखणीत आवाज आला, "बाबा, आजोबांचा मासा पळाला!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, पीबल्समध्ये माकडटोपी घालून नदीत दुसरं कोण उभं राहणार? निखिलने पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. ओळखूनही तो दर शनिवारी बरोबर अकराला पोरीला तिथे घेऊन येत होता.

काकांनी रॉड माझ्या हातात कोंबला आणि छातीपर्यंतचे ते रबरी बूट फताड फताड वाजवत पुलाकडे पळत सुटले. पलीकडच्या काठावर ती पोरगीही बापाचा हात धरून त्याला पुलाकडेच ओढत होती.