मंदवाचक जिनत तांबोळी

यंत्र कितीही हुशार झाले तरी चूक झाल्यावर समोर उभे करायला माणूसच लागतो. कर्वेनगरात मिठाईच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर असलेल्या सुविहित सॉफ्टवेअर या कंपनीने हे सत्य वेळीच ओळखले आणि म्हणूनच तेवीस माणसे नोकरीवर कायम ठेवली.

ही कंपनी सोसायट्यांसाठी अ‍ॅप बनवते. पाण्याच्या वेळा, पार्किंग, रहिवाशांच्या तक्रारी, असल्या भानगडींचे. पूर्वी त्याचा कोड माणसे लिहीत. दीड वर्षापूर्वी ते काम एआय सहायकाकडे गेले आणि कंपनीचा उत्कर्ष सुरू झाला. सहा महिन्यांचे काम सहा दिवसांत होऊ लागले (उरलेले महिने आपण नेमके काय बनवले हे शोधण्यात जात). सहायकाचा स्वभावही मोठा गोड. काहीही सांगा, सुरुवात 'आपले अगदी बरोबर आहे' अशीच. जन्म पुण्यात काढलेल्या मंडळींनी हे वाक्य कधी ऐकलेच नव्हते. टीमप्रमुख चैतालीला तर पहिल्या दिवशी चक्क भरून आले होते.

मात्र जबाबदारीचे काय? त्यासाठी संचालक जयसिंगसरांनी 'मानवी नजर धोरण' आणले. तेही सहायकानेच चार सेकंदांत लिहून दिले. ते असे:

नियम १. सहायकाने लिहिलेला कोड किमान दोन माणसांनी वाचल्याशिवाय ग्राहकाकडे जाणार नाही.

नियम २. वाचून झाल्यावर 'मंजूर' हे हिरवे बटण दाबावे. दाबलेल्या मंजुऱ्या पगारवाढीच्या वेळी मोजल्या जातील.

नियम ४. ज्यास वाचायला सरासरी दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल तो मंदवाचक समजला जाईल. मंदवाचकाची कंपनीस गरज आहे किंवा कसे, हे तिमाहीअखेर ठरेल.

नियम ५. हे धोरण सर्वांनी वाचले आहे.

बावीसजणांनी त्याच दिवशी सह्या केल्या. तेविसावी सही तीन दिवसांनी आली, तीसुद्धा एक शंकेची चिठ्ठी जोडून. (चिठ्ठी फाइलला व्यवस्थित लावून ठेवली आहे.)

ही तेविसावी सही जिनत तांबोळी यांची. कंपनीत बारा वर्षे. वडील हमीदभाई घड्याळे दुरुस्त करत आणि झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला हो की नाही म्हणत नसत. ही वाईट सवय मुलीतही उतरली होती. बाकीचे लोक सरासरी नऊ सेकंदांत पाचशे ओळी वाचत. जिनतला दोन तास लागत. कंपनीत तिच्याइतके मागासलेले दुसरे कोणी नव्हते.

तिमाही संपायला तीन आठवडे होते. नोकरी जाणार हे जिनतला दिसत होते, आणि घराचा हप्ता काही नऊ सेकंदांत फिटणारा नव्हता. त्यातच तिला कोडमध्ये एक गंमत सापडली. सोसायट्यांच्या तक्रारी शून्यावर आणा, असे चैतालीने सहायकाला सांगितले होते. सहायकाने मन लावून सोय केली: तक्रार तीन दिवस कोणी उघडली नाही की ती सुटली असे समजून पुसून टाकायची. कोड मंजूर झाला, तक्रारी शून्यावर आल्या, चैतालीच्या टेबलावर पुष्पगुच्छही आला.

जिनतने चार पानी अहवाल लिहून जयसिंगसरांना पाठवला. सरांनी तो सहायकाला दिला, सहायकाने त्याचा एका ओळीत सारांश केला आणि सरांच्या नावाने उत्तरही धाडले: 'जिनतजी, फारच मोलाचे निरीक्षण. असेच चालू ठेवा.' जिनतला राग आला. म्हणजे अगदी खरोखरचा आला. पण तांबोळींच्या घरात रागावून कोणी ओरडत नाही, कामाला लागतात.

कंपनीच्या तळघरात तेवीस गाड्यांची जागा आहे आणि तिथल्या वाटेवरचा आडवा दांडा कंपनीच्याच अ‍ॅपवर उघडतो. जिनतने त्या अ‍ॅपमध्ये एक ओळ घातली आणि बदल वाचनासाठी सर्वांना पाठवला. ओळ साधी होती: सोमवारपासून सर्व जागा जिनत तांबोळी यांच्या स्कूटरसाठी राखीव.

सहायकाने ती ओळ इमानदारीत वाचली आणि खाली ठळक अक्षरांत इशाराही लिहिला, की यामुळे इतर कोणालाच गाडी लावता येणार नाही, हे असेच हवे आहे ना? त्या इशाऱ्याखाली बावीस मंजुऱ्या पडल्या. पहिली जयसिंगसरांची, सात सेकंदांत.

सोमवारी सकाळी तळघराच्या तोंडाशी गाड्यांची रांग मिठाईच्या दुकानापर्यंत गेली. दांडा काही केल्या उघडेना. जिनत स्कूटरवरून आली, दांडा अदबीने वर झाला, आणि तिने आत मधोमध, तिरकी, स्कूटर लावली.

गाडी पलीकडच्या गल्लीत लावून सर घामाघूम होऊन वर आले आणि हा काय प्रकार आहे, असे त्यांनी विचारले.

"सर, आपणच मंजूर केलंय," जिनत म्हणाली. "सात सेकंद वाचून."

सरांनी स्क्रीनवर ती ओळ आणि तिच्याखालचा इशारा शोधून वाचला. मग त्यांनी स्वतः, बोट ठेवून, तो चार पानी अहवाल वाचला. पाऊण तास लागला. दुपारी तक्रारी पुसण्याचा कोड काढण्यात आला आणि चैतालीने पुष्पगुच्छ उचलून पँट्रीत नेऊन ठेवला.

जिनतची नोकरी राहिली, पगारही वाढला. पार्किंगची जागा परत हवी असणाऱ्याने तिच्यासमोर बसून एक पान कोड वाचायचा आणि काय वाचले ते आपल्या शब्दांत सांगायचे, असे ठरले. आजवर नऊजणांना जागा मिळाली आहे. चैतालीचा चौथा प्रयत्न चालू आहे.

त्या सोमवारीच सरांनी फाइल काढून जिनतची ती जुनी चिठ्ठीही वाचली. तिच्यात एकच ओळ होती: 'धोरणात नियम ३ कुठे आहे?'

आता वर जाऊन नियम मोजावेत असे वाचकांना वाटेल. अवश्य मोजावेत. मंजुरी तर आपण मघाशीच दिली आहे.